ड्रम स्मोकरची धग हातात कशी ठेवायची

पाचगावहून एका तरुण मित्राने विचारलेला प्रश्न असा. त्याने २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर, म्हणजे मंद धगीवर धुरात मटण शिजवायची भट्टी, केला. तळापासून दोन इंचांवर एक इंची चार भोकं पाडली, त्यांना पाइपचे तुकडे बसवले, झाकणावर दोन इंची धुराडं काढलं, आत कोळशाची जाळीची टोपली आणि वर मटणाची जाळी. थर्मामीटरचा काटा १२० अंशांवर ठेवायचा होता. टोपलीभर कोळसा बाहेर शेगडीवर लालभडक करून आत ओतला, तर अर्ध्या तासात काटा १९० वर. घाबरून चारही भोकं बंद केली, तरी तासभर काटा खाली येईना. मग एकदम उतरला तो विस्तव विझूनच. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. मटणाचा पुढचा फरा बाहेरून काळा आणि हाडाशी कच्चा. त्याचं विचारणं आहे, “कोळसा बदलू, की भोकं कमी करू?”

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेड ही रोजची कामं. त्यातून वेळ काढून गेली चौदा वर्षं मी असे ड्रम बनवतो आणि रविवारी त्यांवर शिजवतो. म्हणून सांगतो, कोळसा बदलून तुमचं काही भागणार नाही. भोकं कमी करावी लागतील, पण ती दुसरी गोष्ट. पहिली चूक पेटवण्यात झाली आहे आणि दुसरी बहुतेक पाइपच्या जोडांत लपली आहे. दोन्ही नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी फरा वाया जाणार नाही.

आधी एक मूळ गोष्ट. गॅसची शेगडी आपण गॅस कमीजास्त करून सांभाळतो. कोळशाचं तसं नाही. टोपलीत चार किलो कोळसा असला तरी त्यातला किती जळणार हे कोळसा ठरवत नाही, आत शिरणारी हवा ठरवते. एक किलो कार्बन पूर्ण जळायला साधारण साडेअकरा किलो हवा लागते. आपल्याकडच्या उंचीवर आणि उन्हाळ्यात ही हवा दहा घनमीटरच्या आसपास भरते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोक तोच, भट्टी तीच, पण ब्लोअरची हवा वाढवली की भट्टी पेटते आणि हवा तोडली की बसते. आपल्या ड्रमला ब्लोअर नाही. आतली गरम हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते, तिच्या जागी खालच्या भोकांतून थंड हवा ओढली जाते. ड्रम जितका तापेल तितकी ओढ वाढते, ओढ वाढली की आणखी हवा, आणखी हवा म्हणजे आणखी धग. म्हणून ड्रम एकदा उधळला की आपणहून थांबत नाही.

माझ्या ड्रमवर १२० अंश टिकवायला तासाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे कोणत्याही वेळी टोपलीतला थोडाच कोळसा लाल असला पाहिजे, बाकीचा काळा, आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेला. तुम्ही काय केलंत? सगळाच्या सगळा कोळसा आधी लाल केलात. चार किलो पेटता कोळसा आत गेल्यावर काटा १९० वर जाणारच. मग भोकं बंद केली तेव्हा हवा कमी झाली, पण एवढ्या निखाऱ्यांत आणि ड्रमच्या पत्र्यात साठलेली उष्णता होतीच, शिवाय जोडांतून थोडी हवा मिळतच होती. तासाभरात ती साठलेली उष्णता संपली. विस्तव “एकदम” विझला असं तुम्हाला वाटलं, पण खरं म्हणजे एवढे सगळे निखारे लाल ठेवायला ती थोडी हवा पुरतच नव्हती. काटा आधी वर अडकला आणि नंतर कोसळला, या दोन्हींचं कारण एकच आहे.

आता पेटवायचं कसं ते सांगतो. टोपली थंड, न पेटलेल्या कोळशाने भरा. मधोमध हाताने वाटीएवढा खळगा करा. बाहेर शेगडीवर किंवा पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात लिंबाएवढे दहा-बारा कोळसेच पेटवा, सगळीकडून करडी राख धरेपर्यंत थांबा आणि चिमट्याने त्या खळग्यात ठेवा. इतकंच. विस्तव मधून कडेकडेला सरकत जातो आणि रात्रभर पुरतो. अमेरिकेत जिम मिनियन नावाच्या माणसामुळे ही पद्धत माहीत झाली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते, पण राखेत निखारे झाकून सकाळपर्यंत विस्तव राखणाऱ्या आपल्या आज्यांना तिच्यातलं मर्म माहीत होतं. रॉकेल ओतून पेटवू नका. मटणाला तो वास लागतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही.

यानंतर सगळ्यात अवघड भाग येतो, तो म्हणजे वेळेवर आवरणं. माझं लहानपण करवीर तालुक्यात गेलं, आमच्या शेजारी गुऱ्हाळ होतं. काहीलीतला रस आटून गूळ उतरायला येतो तेव्हा त्याचं तापमान साधारण ११५ ते १२० अंश असतं, म्हणजे आपल्याला ड्रममध्ये हवं तेवढंच. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस गूळ तयार झाल्यावर जाळ कमी करत नसे. गुळव्याने हात दाखवला की तो आधीच जाळ ओढून घ्यायचा, कारण तापलेल्या काहीलीतली धग पुढची काही मिनिटं रसाला पुढे ढकलतच राहते. उशीर झाला तर गूळ करपतो आणि करपलेला गूळ परत रस होत नाही. ड्रमला हाच नियम लागू आहे. १२० ला पोचल्यावर भोकं बंद करायला घेतलीत तर काटा १५० ला जाऊन थांबेल. ९० ला असतानाच हात घालायचा.

माझा क्रम असा. विस्तव ठेवल्यावर झाकण लावून सगळी भोकं उघडी ठेवतो. जाळीजवळ ९० अंश झाले की एक भोक बंद. १०५ ला दुसरं बंद. मग ज्याला बॉल व्हॉल्व्ह (दांडा वळवून कमीजास्त उघडायची तोटी) आहे ते एकच भोक राहतं, ते पूर्ण उघडं ठेवून बघतो. ११५ ला ते अर्ध्यावर आणतो. आता हात मागे घेऊन घड्याळात वीस मिनिटं मोजायची. या वीस मिनिटांत काहीही करायचं नाही. नवीन माणसाला हेच सगळ्यात जड जातं. तो व्हॉल्व्ह थोडा फिरवतो, पाच मिनिटांत काटा हलला नाही म्हणून आणखी फिरवतो, आणि दोन्ही बदलांचा परिणाम एकदम आला की गोंधळतो. पत्र्याचा ड्रम सावकाश ऐकतो. एकदा सांगितलेलं त्याला ऐकू द्या, मगच दुसरं सांगा.

आणि अमुक आकड्यावरच काटा खिळून बसला पाहिजे असा हट्ट नको. प्रत्येक ड्रमची एक आवडती जागा असते. माझा एक ड्रम १२५ ला बसतो, दुसरा १३५ ला, कितीही प्रयत्न केला तरी. ११५ ते १३५ च्या मध्ये कुठेही स्थिर राहिला तर मटणाला फरक पडत नाही. ज्याने त्रास होतो तो चढउतार.

तुमच्या भोकांचा हिशेब मांडू. पाऊण इंची पाइपचं आतलं भोक साधारण २० मिलिमीटर, त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. अशी तीन भोकं म्हणजे साडेनऊशेच्या आत. २०० लिटरच्या ड्रमला तीन पुरतात, त्यातही स्थिर झाल्यावर मी एक पूर्ण आणि एक अर्धं, याच्या वर क्वचित जातो. तुमची एक इंची चार, म्हणजे प्रत्येकी साधारण ४९० आणि सगळी मिळून साडेएकोणीसशे. दुपटीहून जास्त. नवीन ड्रम घ्यायची गरज नाही. दोन भोकांना कायमची टोपी घाला, तिसऱ्याला काढता येणारी टोपी ठेवा आणि चौथ्यावर बॉल व्हॉल्व्ह चढवा. व्हॉल्व्ह असा घ्या ज्याचा दांडा वळताना स्पष्ट दिसतो, म्हणजे अर्धा, पाव, तीन चतुर्थांश हे डोळ्यांनी कळतं. पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर वेल्डिंग करण्याआधी जोडाजवळचं जस्त ग्राइंडरने घासून काढा, नाहीतर त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. बिनजस्ताचा काळा पाइप मिळाला तर तोच घ्या. आणि तोटीच्या जोडाला प्लंबर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात तशी इथे विस्तवाजवळ गुंडाळू नका.

वरच्या धुराड्याला हात लावू नका. ते कायम पूर्ण उघडं. धुराडं अर्धवट बंद करून धग कमी करायचा मोह होतो आणि धग कमी होतेही, पण आतला धूर अडकून बसतो, मटणावर काजळीचा कडवट थर चढतो. हवा खाली सांभाळायची, धूर वर मोकळा सोडायचा. धुराडं बंद करायचं ते फक्त शेवटी, ड्रम विझवताना.

आता गळती. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दहापैकी सात बिघडलेले ड्रम माझ्याकडे येतात ते याच कारणाने. ड्रमला भोक पाडून पाइप नुसता ठोकून बसवला असेल, आत-बाहेर चेकनट आवळले नसतील, तर पाइपच्या भोवती मिलिमीटरभर फट राहते. मिलिमीटरभर म्हणजे किती? पाऊण इंची पाइपचा बाहेरचा घेर साधारण ८४ मिलिमीटर. चार पाइपांची फट मिळून ३३५ चौरस मिलिमीटर. म्हणजे एक अख्खं भोक कायम उघडं, आणि त्याला ना टोपी ना व्हॉल्व्ह! तुमचे पाइप एक इंची आहेत, त्यामुळे तुमची फट याहून थोडी जास्तच. चारही भोकं बंद करूनही काटा तासभर वर राहिला तो यामुळेच असणार.

ती फट कशी शोधायची ते सांगतो. संध्याकाळी वारा पडल्यावर रिकामा ड्रम बाहेर मांडा. आत दहा-बारा निखारे ठेवा, झाकण लावा, खालची सगळी भोकं बंद करा, धुराडं उघडं ठेवा. दहा मिनिटांनी एक उदबत्ती पेटवून ड्रमच्या तळाशी उकिडवे बसा. उदबत्ती पाइपच्या जोडापासून बोटभर लांब धरा आणि अगदी सावकाश पाइपभोवती फिरवा. धूर सरळ वर चढत असेल तर जोड चांगला. जिथे फट असते तिथे धुराचा धागा आधी थरथरतो, मग वाकतो, आणि जोडाच्या एका कडेला कोणी आतून ओढून घ्यावा तसा पत्र्यात शिरून नाहीसा होतो. तिथे खडूने खूण करा. चारही पाइप, तळाची शिवण, थर्मामीटरसाठी पाडलेलं भोक, सगळीकडे फिरा. मागच्या महिन्यात एका ड्रमला मला अशी खूण अगदी अनपेक्षित जागी मिळाली. हँडलच्या बोल्टसाठी पाडलेलं भोक बोल्टपेक्षा मोठं होतं आणि मालकाच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

वरची गळती शोधायची असेल तर उलटं करा. निखाऱ्यांवर मूठभर ओला पाला टाका, झाकण लावा, धुराड्याच्या तोंडावर क्षणभर वीट ठेवा. झाकणाच्या कडेने कुठे धूर फुटतो ते डोळ्यांना दिसेल. झाकणाची गळती तळाच्या गळतीइतकी घातक नाही, कारण चालू ड्रममध्ये वरून हवा आत येत नाही, बाहेर जाते. पण ड्रम विझवताना तीच फट हवा आत घेते आणि उरलेला कोळसा जाळून टाकते. ड्रमच्या तोंडाचा घेर जवळजवळ १८० सेंटिमीटर आहे हे लक्षात घ्या. एवढ्या घेराला केसभर फट म्हणजेही खूप झाली.

तळाचे जोड वेल्डिंगने किंवा भट्टीसाठी मिळणाऱ्या फायर सिमेंटने बुजवा. झाकणासाठी बॉयलरच्या दाराला लावतात ती काचतंतूंची दोरी उत्तम. जुन्या भंगारातली पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर कणीक मळा. दमाच्या हंडीचं झाकण बंद करतो तशी तिची वळी करून कडेने दाबली की पाच-सहा तास पक्की बसते. मी अजूनही पाहुण्यांच्या घरी परक्या ड्रमवर शिजवायचं असेल तर कणीकच वापरतो.

सगळं बुजवल्यावर शेवटची परीक्षा अशी. १२० वर स्थिर झालेला ड्रम वरखाली सगळीकडून बंद करा. तासाभरात काटा ६० च्या आसपास उतरला आणि दुसऱ्या दिवशी टोपलीत काळा कोळसा शिल्लक दिसला तर ड्रम पास. तासानंतरही काटा ९० वर रेंगाळत असेल तर अजून कुठेतरी हवा येते आहे, पुन्हा उदबत्ती घ्या.

थर्मामीटरबद्दल बोललंच पाहिजे, कारण तुमचा काटा झाकणावर आहे. झाकणाचा आकडा आणि मटणाच्या जाळीवरचा आकडा यांत १५ ते ३० अंशांचा फरक मी स्वतः मोजला आहे, आणि तो फरकही प्रत्येक ड्रमला वेगळा. काटा चांगला आहे की नाही हे आधी उकळत्या पाण्यात बघा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काट्याने ९८ दाखवले तर तो बरोबर आहे, स्क्रू फिरवून १०० करू नका. वायरचा डिजिटल थर्मामीटर घेता आला तर त्याचं टोक मटणाच्या जाळीवर, मटणापासून आणि पत्र्यापासून प्रत्येकी दोन इंच लांब ठेवा. दुसरं टोक मटणात, हाडाला न टेकवता. या दोन आकड्यांशिवाय तुम्ही काय शिजवताय हे तुम्हाला कळणार नाही.

काटा तरीही उधळला तर काय? पहिलं म्हणजे झाकण उघडू नका. “जरा वाफ जाऊ दे” म्हणून झाकण उघडणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. झाकण उघडलं की काटा खाली पडतो, आपल्याला बरं वाटतं, पण त्याच वेळी विस्तवाला हवा मिळते आणि झाकण लावल्यावर पाच मिनिटांत काटा आधीपेक्षा वर जातो. खालची सगळी भोकं बंद करा, धुराडं उघडं ठेवा, १४० पर्यंत उतरू द्या आणि मग एकच भोक अर्धं उघडा. अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानेही आवरत नसेल तर चामड्याचे हातमोजे घालून अर्धे निखारे चिमट्याने काढून घ्या. पाणी मुळीच मारू नका. राख उडून मटणावर बसते आणि वाफेने हात भाजतो तो वेगळाच.

उलट विस्तव दमत असेल तर आधी टोपली बघा. कोळशाचा चुरा खाली साचला की जाळी चोंदते आणि भोकं उघडी असूनही हवा वर पोचत नाही. मी कोळसा चाळणीने चाळूनच भरतो, चुरा झाडांना घालतो. टोपलीचं बूड ड्रमच्या तळापासून तीन इंच वर पाहिजे, नाहीतर चार तासांनंतर राख हवेची वाट अडवते. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, तेव्हा आदल्या दिवशी उन्हात किंवा चुलीजवळ पसरून ठेवा. वखारीतला बाभळीचा कोळसा चांगला तापतो, पण त्यात नारळाएवढे आणि सुपारीएवढे तुकडे एकत्र असतात. मोठे फोडून सगळे लिंबाएवढे करा, म्हणजे विस्तव एकाकडून दुसऱ्याकडे सरकताना मध्ये खंड पडत नाही. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या मिळाल्या तर लांबच्या शिजवण्याला त्याच वापरा. त्या एकसारख्या जळतात आणि काटा अक्षरशः बसून राहतो. वडी घेताना एक जाळून बघा. राख खूप पडली किंवा वास आला तर तो माल घेऊ नका.

धुरासाठी आंबा, जांभूळ, पेरू, चिंच यांची चांगली वाळलेली मुठीएवढी तीन-चार लाकडं पुरतात. ती भिजवू नका, भिजवल्याने फक्त पांढरी वाफ वाढते. धुराड्यातून दाट पांढरा धूर येत असताना मटण आत ठेवू नका. पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर आला की ठेवा. एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या फळ्या, रंगवलेलं लाकूड, निलगिरी, कडुनिंब, यांतलं काही नको. आणि आजरा-चंदगडकडच्या मंडळींना मुद्दाम सांगतो, काजूची टरफलं या ड्रममध्ये घालू नका. ती भट्टीला जळण म्हणून जोरात जळतात हे खरं, पण त्यांच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. त्या धुरात अन्न शिजवायचं नसतं.

वाऱ्याचंही बघा. आषाढात इकडे पश्चिमेचा वारा असतो तेव्हा व्हॉल्व्ह पश्चिमेला तोंड करून असेल तर त्याला ब्लोअर लागल्यासारखंच होतं. ड्रम फिरवून व्हॉल्व्ह वाऱ्याच्या पाठीमागे घ्या आणि दोन हातांवर पत्र्याचा आडोसा लावा. पावसाची सर पत्र्यावर पडली तर काटा बघता बघता २० अंश उतरतो. पण म्हणून ड्रम घरात, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये नेऊ नका. हवा कमी करून कोळसा जाळणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार करणं, आणि त्याला वास नसतो, धूर दिसत नाही. बाजूंनी मोकळं छप्पर चालेल, चार भिंती चालणार नाहीत.

काही जण विस्तव आणि मटण यांच्या मध्ये पाण्याची परात ठेवतात. धग नरम होते हे खरं, पण लिटरभर पाणी वाफ होऊन जायला ७५-८० ग्रॅम कोळशाची उष्णता फुकट खर्च होते आणि परात कोरडी पडली की काटा अचानक उसळतो. मी ठेवत नाही. चरबी निखाऱ्यांवर थेंबथेंब पडून जो वास येतो त्यासाठीच तर हा ड्रम आहे.

तुमच्या फऱ्यापुरतं सांगायचं तर, दीड-दोन किलोचा बोकडाचा पुढचा फरा १२५ ला माझ्याकडे साडेचार-पाच तास घेतो. आदल्या रात्री मीठ आणि आलं-लसूण लावा. कांदा-लसूण मसाला लावणार असाल तर थोडं तेल घालून लावा, कोरडा मसाला वर करपतो. मटणाचं आतलं तापमान ६५-७० ला आलं की तिथे तासभर थांबतं. घाबरून भोकं उघडू नका. मटणातलं पाणी वर येऊन वाफ होत असतं, घामाने अंग थंड होतं तसंच हे. आपल्या बोकडाला चरबी कमी, म्हणून याच वेळी मी फरा केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट बांधतो. ९० ते ९३ ला हाड फिरवलं की सुटून येतं, तेव्हा काढा आणि बांधलेलंच अर्धा तास राहू द्या. पुडक्यात साठलेला रस फेकू नका, तो तांबड्या रश्शात घाला. कोंबडीची गोष्ट वेगळी. १२० ला तिची कातडी चिवट होते, तिला १५० ते १६० पाहिजे, आणि मांडीत ७४ झाल्याशिवाय कोणाच्या ताटात वाढू नका.

ज्यांनी अजून ड्रम घेतला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला फार वाईट पद्धतीने समजली. माझा दुसरा ड्रम मी भंगारातून आणला. खाद्यतेलाचा आहे असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. आतून तांबूस अस्तर होतं, मी ते वरवर जाळलं. पहिल्याच शिजवण्यात तीन तासांनी धुराला औषधासारखा उग्र वास यायला लागला. घरी पंधरा माणसं जेवायला होती. पाच किलो मटण मी खड्ड्यात पुरलं आणि ड्रम कापून टाकला. तेव्हापासून ज्याच्या आतलं काय होतं ते कागदावर दिसत नाही तो ड्रम मी घेत नाही. अस्तराचा ड्रम असेल तर लाकडाचा मोठा जाळ करून पत्रा आतून राखाडी होईपर्यंत जाळायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, मग खाद्यतेलाचा हात देऊन रिकामाच दोन-तीन तास धुरी द्यायची. आणि बंद ड्रमला गॅस कटर किंवा ग्राइंडर लावण्याआधी दोन्ही बूच काढून तो पाण्याने पूर्ण भरा. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफा असतात, ठिणगीने तो फुटतो. ते काम करणाऱ्यांचे प्राण गेले आहेत.

तुम्ही आता मटण आणू नका. आधी जोड बुजवा, दोन भोकं बंद करा आणि एका रविवारी मटणाशिवायच, टोपलीभर काळ्या कोळशात दहा निखारे ठेवून, ड्रम पाच तास चालवा. शेजारी वही ठेवा. दर वीस मिनिटांनी वेळ, जाळीवरचा आकडा, झाकणावरचा आकडा, व्हॉल्व्ह किती उघडा, वारा कुठला, एवढं एका ओळीत लिहा. ते पान मला पाठवा, आणि उदबत्तीचा धूर कुठल्या जोडात शिरला तेही कळवा. व्हॉल्व्ह कुठे ठेवायचा हे मग त्या पानावरूनच ठरवू.